उन्हातला बाक घरच्यांचा

संगीताचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात, ऑफिसातल्या टेबलावर डबा उघडून बसले होते. "मावशी, मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली. मॅडम म्हणजे विमल. विंचूरजवळच्या एका कॉलेजात क्रीडा शिक्षिका आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. संगीता तिची जुनी विद्यार्थिनी. सकाळी बास्केटबॉलच्या कोर्टवर पुसट झालेल्या रेषांवरून रंगाचा ब्रश फिरवताना विमल डोकं धरून खाली बसली आणि नाशिकला आणेपर्यंत संपली. रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यात तिचा कायम हलगर्जीपणा. विचारलं की म्हणायची, "एवढी स्पर्धा होऊ दे, मग नियमानं घेते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आधी आला तो राग. तिच्यावर, त्या स्पर्धेवर, आणि ती स्पर्धा वर्षानुवर्षं ज्यांनी आपल्या खिशात घालून फिरवली त्या मंडळींवर. आता महिना उलटून गेला. घरचे म्हणाले, राग निवळला की लिही. निवळायची वाट बघत बसले असते तर हा लेख माझ्याच वर्षश्राद्धाला छापावा लागला असता.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जिल्ह्यातल्या कॉलेजांची मुलींची बास्केटबॉल स्पर्धा दरवर्षी हिवाळ्यात होते. सगळे संघ एका मैदानावर मावत नाहीत, म्हणून पहिल्या फेऱ्या जिल्ह्यातल्या तीन-चार कॉलेजांत वाटून देतात. त्याला केंद्र म्हणतात. प्रत्येक केंद्रावर जिंकणारा संघ नाशिकला येतो, तिथे शेवटच्या फेऱ्या होतात आणि तिथेच विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे लोक येऊन बसतात. म्हणजे पहिल्या फेरीत जी मुलगी गारद झाली, ती त्यांच्या लेखी जन्मलीच नाही. आता कोणता संघ कोणत्या केंद्रावर जाणार, हे कोण ठरवणार? कागदावर म्हणाल तर चिठ्ठ्या टाकून. खरं म्हणाल तर चहा पिता पिता. शहरातल्या मोठ्या कॉलेजांचे सर लोक बैठकीला आधी येत, समितीच्या सचिवांच्या शेजारच्या खुर्च्या धरत, आणि चिठ्ठ्या यायच्या आत अर्धी वाटणी उरकलेली असे. केंद्र त्यांच्याच मैदानावर आणि त्यांचा संघही त्याच केंद्रावर. घरची रिंग, घरचे पंच, मध्यंतरात घरून आलेला गरम डबा. उरलेल्या संघांना उरलेली केंद्रं. विंचूरच्या मुली सटाण्याला, सटाण्याच्या पेठला, आणि पेठ-सुरगाण्याच्या मुली घाट ओलांडून जिकडे पाठवतील तिकडे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विमल आणि मी शहरातल्या अशाच एका मोठ्या कॉलेजकडून खेळायचो. विमल मखमलाबादकडच्या मळ्यातली. घरी झेंडू आणि शेवंती. पहाटे वडिलांबरोबर फुलं खुडून, बाजारात जाणाऱ्या टोपल्या भरून मग सरावाला यायची, त्यामुळे तिच्या हाताला कायम झेंडूचा वास. पास झेलला की बॉललासुद्धा तो वास लागायचा. उंचीला बेताची, पण तिच्या हातातून बॉल काढून घेणं म्हणजे मांजरीच्या तोंडातून पिल्लू काढून घेण्यासारखं. एका वर्षी आमचा पहिला सामना घरच्याच मैदानावर होता आणि समोर सुरगाण्याकडचा संघ. त्यांची एसटी घाटात बंद पडली. मुली पोचल्या तेव्हा दुपार कलली होती, चेहरे पिवळे पडलेले, एकीला तर धरून उतरवावं लागलं. पंचांनी घड्याळ दाखवलं आणि आम्हाला वॉकओव्हर दिला. आम्ही बाकीच्या नाचायला लागलो. विमल मात्र रिंगखाली तशीच उभी. "नाचताय काय? आपण जिंकलो नाय, त्यांची गाडी हरली," ती म्हणाली. मग आमच्या सरांकडे गेली आणि सरळ विचारलं, "सर, दरवर्षी त्यांनीच का यायचं? आपण का नाय जायचं?" सर चांगले होते, पण चांगल्या माणसांचं ठरलेलं उत्तर त्यांनी दिलं, "बाळ, ते ठरवणारे ठरवतात."

हे वाक्य तिला आयुष्यभर सलत राहिलं. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ती विंचूरजवळच्या कॉलेजात लागली तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. शहरात नोकरी मिळत होती तिला! तिकडे मैदान म्हणजे काळी माती, एका खांबाला गंजलेली रिंग, आणि जाळी म्हणून कांद्याची गोणी उसवून बांधलेली. मुली कांदा निवडून, गोण्या शिवून यायच्या. त्यांना ड्रिबल शिकवायचं कुठे, त्या मातीत बॉल उसळतच नसे. तर ही बाई त्यांना पासच्या खेळात तरबेज करायला लागली. "बॉल जमिनीला लावायचाच नाय," ती मला अभिमानानं सांगायची. दोन-तीन वर्षांत तो संघ असा तयार झाला की पक्क्या कोर्टवरच्या शहरी मुलींना बॉल कुठून कुठे गेला ते कळेना. पण त्यासाठी आधी पहिली फेरी पार व्हायला हवी. आणि केंद्र कुठलं, तर सटाणा, नाहीतर पेठ, नाहीतर नाशिकच्याच मैदानावर नाशिकच्याच संघाशी. पहाटेच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून मुली नाशिकच्या द्वारका चौकात उतरायच्या, तिथून रिक्षा, नाहीतर पुढची गाडी. सामन्याला उभ्या राहीपर्यंत अर्धा जीव गेलेला.

ती समितीच्या बैठकीत दरवर्षी एकच प्रस्ताव मांडायची. ज्या कॉलेजात केंद्र असेल त्या कॉलेजाचा संघ पहिल्या फेऱ्यांत तिथे खेळणार नाही, तो दुसऱ्या केंद्रावर जाईल. आणि आदल्या वर्षी जो संघ चांगला खेळला, त्याला त्यातल्या त्यात जवळचं केंद्र मिळेल. कोणाच्याही डोक्यात शिरेल अशी साधी गोष्ट. सचिवांच्या डोक्यात मात्र शिरायची नाही, कारण ती शिरली की नुकसान कुणाचं ते त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आता फार मोठे झालेत, अध्यक्ष आहेत. तेव्हा ते हसून म्हणाले होते, "मॅडम, घरच्या पंगतीतून घरच्यालाच उठवायचं होय?" सगळे हसले. विमल उभीच होती. म्हणाली, "सर, पंगतीत घरचे मागून जेवतात. आधी पाहुणे." हशा थांबला, पण प्रस्ताव बारगळला तो बारगळलाच. ही हकिगत तिनं मला नाशकात शालिमार चौकाजवळ भेळ खाता खाता सांगितली आणि पोट धरून हसली. मला हसू आलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, ते तुला गावंढळ समजून हसले." तर म्हणते, "असू दे की. हसता हसता ऐकलं तर असेल!"

दोन हजार सालानंतर तिच्या कॉलेजात सिमेंटचं कोर्ट झालं. कोणा पुढाऱ्याच्या कृपेनं नव्हे. मुलींच्या वडिलांनी आणि कांदा मार्केटमधल्या हमालांनी मिळून काँक्रीट टाकलं, मुलींनी पंधरवडाभर बादल्यांनी पाणी मारलं. कडेला एक मोठा निंब. कॉलेजकडे दोनच दगडी बाक होते. एक तिनं निंबाच्या सावलीत ठेवला आणि दुसरा पलीकडे, रखरखीत उन्हात. आणि पहिल्याच दिवशी नियम करून टाकला. सावलीतला बाक पाहुण्या संघाचा, उन्हातला घरच्यांचा. पाहुणा संघ उतरला की आधी पाणी, मग बसायला सावली, जेवणात पहिली पंगत त्यांची. मुली कुरकुरायच्या. संगीता तेव्हा कप्तान होती, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "मॅडम, आपल्याला कुठंच कुणी सावली देत नाय. आपणच का लय लाड करायचे?" विमल तिच्या डोक्यावर टपली मारायची आणि म्हणायची, "कुणीतरी सुरू करायला नको का, भवाने?"

कोर्ट बघायला समिती आली, कांद्याची भजी खाऊन गेली आणि केंद्र मंजूर झालं. ते संगीताचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष. तिच्यासारखी मुलगी मी पाहिलेली नाही, आणि मी पाहिलेल्या मुली कमी नाहीत. त्या वर्षी नाशिकच्या फेरीपर्यंत पोचली असती तर निवडीत तिला कोणी डावलू शकलं नसतं. तिच्या घरी बोलणं झालेलं होतं. विद्यापीठाच्या संघात आली तर पुढे शिकायचं, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. म्हणजे त्या पोरीचं सगळं एका पहिल्या फेरीवर टांगलेलं, आणि ती फेरी पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या अंगणात होणार होती. विमलनं फोनवर मला ही बातमी सांगितली तेव्हा तिचा आवाज फुलांच्या टोपल्यांनी भरलेल्या सायकलीसारखा डुगडुगत होता.

आणि मग बैठक झाली. सचिव उभे राहिले आणि म्हणाले, विमल मॅडम इतकी वर्षं मागणी करत आहेत, तिचा मान राखून समिती यंदापासून नवा नियम करत आहे. यजमान संघ स्वतःच्या मैदानावर खेळणार नाही. टाळ्या! विंचूरचं केंद्र झालं, त्याच वर्षी! शहरातल्या कॉलेजांचं काय झालं म्हणता? त्यांनीही नियम पाळला की. त्यांच्या संघांना 'तटस्थ' मैदान मिळालं. ते तटस्थ मैदान म्हणजे त्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजाचं, मधे एक भिंत. भिंतीला दार आहे. डबा त्या दारातून येतो. विंचूरच्या मुलींना मात्र पेठचं केंद्र दिलं आणि तिथल्या यजमान मुलींना पाठवलं विंचूरला. जिल्ह्याच्या दोन टोकांच्या दोन गरीब संघांची अदलाबदल करून नियमाची अंमलबजावणी झाली... आणि विमल यजमान केंद्राची प्रमुख, म्हणून तिनं सामन्याच्या दिवशी केंद्र सोडायचं नाही. म्हणजे मुलींबरोबर त्यांची मॅडमही नाही.

मी तिला म्हटलं, भांड. लेखी दे, वर्तमानपत्रात जा, नाहीतर केंद्रच नको म्हणून कळव. ती म्हणाली, "नंदे, नियम माझाच आहे. मला सोसवत नाय म्हणून नको म्हणू?" मी रागानं फोन आपटला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकली. तिच्या मुलींबरोबर पेठला मी गेले.

घाटात तीन मुलींना उलट्या झाल्या. पोचलो तेव्हा पंच घड्याळ बघतच उभे होते. तिथल्या लोकांनी माया केली, नागलीची, म्हणजे नाचणीची, गरम भाकरी पुढे केली, पण सामना समोर उभा असताना खाणार कोण? समोरचा संघ मुक्कामाला आदल्या दिवशीच आलेला. संगीता एकटी लढली. मी बाहेरून ओरडत होते, पण मी काही विमल नव्हते. कधी कुणाला बदलायचं, कधी दम घ्यायला वेळ मागायचा, ते माझ्या हातून निसटत गेलं. शेवटच्या मिनिटाला संगीताला दोन फ्री थ्रो मिळाले. झोपेतसुद्धा ती ते घालायची. दोन्ही रिंगला लागून बाहेर पडले. एका गुणानं आम्ही हरलो आणि ती पोर कोर्टच्या मधोमध उकिडवी बसली, जर्सीचं टोक तोंडात कोंबून.

मी तिथल्या एसटीडी बूथवरून कॉलेजात फोन लावला. विमलनं उचलला. मी निकाल सांगितला. तिनं आधी विचारलं, "संगी कशीये?" मी म्हटलं, "कशी असणार?" तर पलीकडून ही मला सांगते, पेठच्या पोरी इथे अर्धमेल्या होऊन पोचल्या, त्यांना आधी लिंबूपाणी दिलं, वर्गात सतरंजीवर झोपवलं, पंचांशी भांडून सामना पुढे ढकलला, आणि त्या जिंकल्या. पहिल्यांदा जिंकल्या म्हणे आयुष्यात, त्यांच्या मॅडम रडत होत्या. माझं डोकं फिरलं. बूथवाला बघत होता तरी मी ओरडले, "आपल्या पोरी इथं मेल्या आणि तू परक्यांना झोपवतेस? तुला काही वाटतं की नाही?" ती म्हणाली, "लय वाटतं. पण नियम बरोबर आहे गं, माणसं चुकीची आहेत. माणसं चुकीची म्हणून नियमाला चूक कशी म्हणू?" मी रिसीव्हर ठेवला. आजही मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि आजही मला तो प्रश्न मान्य नाही. तत्त्व तुझं, विमल, पण किंमत त्या पोरीनं मोजली. हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं, म्हणून आता लिहायला कचरत नाही. ती म्हणाली होती, "ठाऊक आहे."

उन्हाळ्यात संगीताचं लग्न झालं. विमल लग्नाला गेली, संगीता तिच्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी समितीनं तो नियम रद्द केला. 'प्रयोग व्यवहार्य ठरला नाही,' असं कारण दिलं. विमल उभी राहिली आणि तिनं तोच प्रस्ताव पुन्हा मांडला! त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मंडळी आता हसतही नसत, चहा मागवत. तिच्या कोर्टवर मात्र सावलीतला बाक पाहुण्यांचाच राहिला. एकदा पाटीलकी गाजवणाऱ्या एका पालकानं मुलीला सावलीत बसवलं, तर हिनं बापलेकीला उठवून उन्हात पाठवलं. काही वर्षांनी संगीता आपल्या चिमुरडीला कडेवर घेऊन कोर्टवर आली. कसं मिटलं, कोण आधी बोललं, मला दोघींनीही सांगितलं नाही. नंतर ती रोज संध्याकाळी लहान मुलींना शिकवायला यायला लागली, एवढंच मला कळलं. तिचं बोलणं अजून फटकळ आहे, देवाच्या कृपेनं.

शोकसभा त्या कोर्टवरच झाली. मांडव छोटा, माणसं अफाट. पेठकडून एक जीप भरून बायका आल्या होत्या. त्या वर्षी जिंकलेल्या मुली, आता लेकुरवाळ्या. मांडवात एकीनं मला हात धरून सांगितलं, "मॅडमनी माझं डोकं मांडीवर घेतलं व्हतं." अध्यक्ष, म्हणजे तेव्हाचे ते सचिव, उशिरा आले. खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून निंबाखालच्या बाकावर त्यांना बसवलं. मग ते बोलायला उठले. म्हणाले, विमल मॅडमनी समितीला कायम सहकार्य केलं. कधी तक्रारीचा सूर नाही. आणि तटस्थ केंद्राची जी कल्पना आमच्या समितीनं राबवली, तिला त्यांनी मनापासून साथ दिली... आमच्या समितीनं! मी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चहाबरोबर गिळायचा, एकदाच बाहेर काढायचा तो तिच्याच पोरींच्या डोक्यात घालायला, आणि ती गेल्यावर त्याच्यावर आपलं नाव लिहायचं. वर हार घालायचा, झेंडूचा.

ते जागेवर परत आले, तोवर संगीता तिथे जाऊन उभी होती. ती बोलायला आली की बडवायला, कोणाला कळेना. अध्यक्षही बिचकले, बसू की नको असे अर्धवट वाकलेले. "बसा सर, बसा," संगीता म्हणाली, अगदी अदबीनं, पण मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. "हा बाक पाव्हण्यांचा हाय. मॅडमचा नियमच हाय तसा. तुम्ही इथं कायम पाव्हणेच व्हते." ते बसले. दुसरं करणार काय? संगीतानं स्वतः त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि वळून कोर्ट ओलांडून पलीकडे गेली. उन्हातल्या बाकावर बसली. मग मांडवातून एकेक जणी उठायला लागल्या. जुन्या मुली, नव्या मुली, पेठच्या बायकासुद्धा. "तुम्ही पाव्हण्या, सावलीत बसा," असं कोणीतरी त्यांना म्हणालं, तर त्यांच्यातली ती मघाची बाई म्हणाली, "आम्ही नाय पाव्हण्या." बाक भरला, मग त्याच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या सिमेंटवर त्या बसत गेल्या. सावलीतल्या लांबलचक बाकावर अध्यक्ष एकटे, हातात पाण्याचा पेला धरून.

माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. यंदाच्या हिवाळ्यात केंद्रं वाटायची बैठक होईल तेव्हा कॉलेजच्या वतीनं संगीता जाणार आहे, आणि प्रस्ताव तोच मांडणार आहे. मी तिला विचारलं होतं, तुझं एवढं नुकसान झालं त्यात, तरी तोच? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला क्षणभर दुसरंच कोणीतरी समोर आहे असं वाटलं... शोकसभेच्या दिवशी मांडवात माझी खुर्ची सावलीत होती. मी उठले, चपला हातात घेतल्या आणि कोर्ट ओलांडलं. बाकावर तसूभर जागा नव्हती. मुली सरकल्या, आणि मी बसले.